धातूला धातू नको

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हत्तुरेमामांनी
दोन्ही सिलिंडर बोटानं वाजवून बघितले,
माठ घेताना बघतात तसे,
आणि म्हणाले, "समुद्र कुठाय बे आपल्याकडं?"
मी म्हटलं, धरणाच्या गेटापाशी.
चाळीस मीटर, गाळ, हात दिसत नाही.
येताना वाटेत थांबत थांबत यायचं, मामा,
सरळ वर आलं की रक्त सोड्यासारखं फसफसतं.
ते जरा गप्प बसले.
"मग पट्टे जाड घालू की."

पट्टे स्टेनलेसचे, दोन बोल्टांत अकरा इंच.
साडेअकरा झाले तर पाठीच्या पाटात बसत नाहीत.
मामांनी तिसऱ्यांदा मोजलं,
मग चौथ्यांदा, माझ्याकडं न बघता.

मुंबईचा विक्रेता फोनवर आधी सर म्हणाला, मग मॅडम,
मग प्रत्येक वस्तूला लेटेस्ट म्हणाला.
तळाला रबरी बूट? नको. त्यात पाणी साचतं,
पोलाद आतल्या आत गंजतं, वरून रंग शाबूत.
जाळी? नको, दोरी अडकते.
रंगीत प्लास्टिकच्या मुठी? दगडावर आपटल्या की फुटतात,
आणि फुटक्या मुठीनं नळ बंद होत नाही.
योक नको, डिन द्या, आट्यांत घट्ट बसणारं.
दोन नळांच्या मधल्या पुलावर तिसरा नळ हवाच:
एकीकडची हवा निघून चालली
तर दुसरीकडची तरी आपली राहावी.
"मॅडम, तुम्ही काहीच घेत नाही," तो म्हणाला.
घेत होते. नको म्हणायलाही वेळ लागतो.

आपोआप मिटणारी क्लिप फुकट देत होता.
तीच इलियासच्या छातीवर होती, त्या विहिरीत.
तिनं स्वतःहून दोरी धरली, सोडेना.
अकरा बार उरले होते तेव्हा वर आला.
आता नव्या पेठेत चष्मे विकतो,
काचा पुसताना अजून श्वास मोजतो.

घरी, विडी घरकुलात, अम्मा सुपात पानं घेऊन बसलेली.
शेजारी मी माझा पसारा मांडला:
ओ-रिंगा, नळीचे पट्टे, पितळी बोल्ट-स्नॅप,
आणि बाजूच्या बाटलीवर रंगवून आणलेला मोठा आकडा, २१.
"हे काय, गाडीचा नंबर?"
म्हटलं, हिची हवा एकवीस मीटरच्या खाली विष होते.
खाली कुणी चुकून तोंडात घालू नये.
अम्मानं आकडा पदरानं पुसला. नुसती धूळ होती.

मग स्नॅप बांधायची वेळ आली.
कडीत कडी अडकवून टाकली असती, झालं असतं.
पण धातूला धातू लावायचा नाही.
मध्ये दोरी हवी, धरेल एवढी पक्की,
आणि सुरीच्या एका ओढीत तुटेल अशी.
माझ्या गाठी सैल पडत होत्या.
अम्मानं हातातून दोरी काढून घेतली.

पस्तीस वर्षं, दिवसाला हजार विड्या,
हजार वेळा दोरा, दोन वेढे, नखानं आत.
तिनं तीन वेढे घातले, कारण हे पाण्यात जायचं.
टोकं उदबत्तीनं जाळली, अंगठ्यानं दाबली.
चटका बसला असेल, बोलली नाही.
"सुटली तर?" तिनं विचारलं.
सुटायची नाही, मी म्हटलं. वेळ आली तर कापायची.

तिनं गाठीकडं बघितलं,
पुन्हा ओढून बघितली, दोनदा.
मग सुपाखालची पान कापायची कात्री काढली,
धार अंगठ्यावर लावून पाहिली,
आणि माझ्याकडं सरकवली.
"मग ही ने. तुझी सुरी मी बघितली नाही."